निरोगी गळ्यासाठी बनलेला फोन

आवाज बसलेल्या माणसाला फोनवर सगळे एकच सांगतात, जरा मोठ्यानं बोला. तो मोठ्यानं बोलतो, छातीतला सगळा दम लावतो, धाप लागते, आणि पलीकडून पुन्हा तेच, "आवाज कटून रायला." दोन-चार वाक्यांत फोन दुसऱ्याच्या हातात जातो. पुढच्या वेळी तो माणूस फोन घेतच नाही. आमच्या घरात हे माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत झालं. मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेला माणूस, त्यामुळे बिघडतं नेमकं कुठं हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. जे समजलं ते इथं सांगतो, कारण असा गळा घेऊन जगणारी माणसं वऱ्हाडात गावोगावी आहेत आणि त्यांच्या घरच्यांना वाटतं की सगळा दोष त्या गळ्याचाच. दोषाचा मोठा वाटा फोनच्या आत आहे.

दादा आमच्या बार्शीटाकळीच्या भागात बाजारात हर्रास बोलायचे. तूर, हरभरा, सोयाबीन. ढिगाशी उभं राहून भाव पुकारायचा आणि गर्दीतल्या शेवटच्या व्यापाऱ्यापर्यंत तो पोचवायचा. माइक त्यांना कधी लागला नाही. बिडी मात्र लागायची. आवाज घोगरा झाला तेव्हा सगळ्यांनी तो धंद्याचा घोगरेपणा समजला. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र तपासून घ्यावं, एवढी साधी गोष्ट बिडी ओढणाऱ्या आणि खर्रा खाणाऱ्या आमच्या मुलखात भिंतीभिंतीवर लिहायला हवी. दादांचं स्वरयंत्र नागपूरला काढावं लागलं. श्वास आता मानेच्या खालच्या बाजूला केलेल्या छिद्रातून चालतो.

ही शस्त्रक्रिया जुनी आहे. व्हिएन्नात बिलरोथ यांनी १८७३ मध्ये कर्करोगासाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढलं. स्वरयंत्र गेलं तरी जीभ, ओठ, दात, टाळू जागेवर असतात, म्हणजे शब्द घडवणारं तोंड शाबूत असतं. नसतो तो कंप. तो कुठून आणायचा याचे तीन मार्ग आहेत. अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरासारखी वर सोडत बोलणं हा एक. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी एकदिशा झडप बसवणं हा दुसरा. छिद्र अंगठ्यानं झाकलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि तिच्या वरच्या भागाच्या भिंती थरथरतात. ब्लोम आणि सिंगर या दोघांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. परदेशी झडप हजारो रुपयांची, म्हणून बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची साधारण ५० रुपयांची झडप तयार केली. तिसरा मार्ग म्हणजे मानेला टेकवायचं बॅटरीवरचं कंपनयंत्र, इलेक्ट्रोलॅरिंक्स. दादा हेच वापरतात. बटण दाबलं की ते एकसुरी घूं करतं, आणि त्या घूंमधून तोंड शब्द काढतं. समोर बसलं की चार दिवसांत त्यांचं बोलणं कळायला लागतं. कानाला सवय होते, ओठ दिसतात, विषय माहीत असतो. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचं त्यांचं बोलणं अवघा महाराष्ट्र सभांमधून ऐकत आला आहे आणि कुणाचं काही अडलेलं नाही. ऐकणारा माणूस शिकतो. मधे बसलेलं यंत्र शिकत नाही.

ते यंत्र समजून घ्यायचं तर जुन्या फोनपासून सुरुवात करावी लागेल.

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज लागलं. १२८ जोडण्यांचं ते लहानसं यंत्र वातानुकूलनाशिवाय चालायचं. आमच्या उन्हाळ्यात याचं मोल काय ते ज्यानं अशा खोलीत दुपार काढली त्यालाच कळेल. त्या एक्स्चेंजमध्ये आवाजाचे आकडे होत. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मापाला ८ बिट द्यायचे. सेकंदाचे ६४,००० बिट झाले. एवढं करून आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यात कापलेला असायचाच. पण या पद्धतीचा एक मोठा गुण होता. समोर काय आहे याची तिला फिकीर नव्हती. माणूस बोलो, कुत्रं भुंको, भजनातले टाळ वाजोत, जी लाट आली ती मोजली आणि पुढे धाडली. घोगरा गळा आणि गाता गळा तिला सारखेच.

मोबाईलला ही चैन परवडत नाही. तार टाकता येते, पण हवेतल्या लहरींचा पट्टा मर्यादित असतो आणि तो हजारोंनी वाटून घ्यायचा असतो. म्हणून आवाज दाबावा लागतो. जिनिंगमध्ये रुईची गाठ दाबतात, पण पट्ट्या कापल्या की तीच रुई बाहेर येते. बोलण्याच्या दाबकामात तसं होत नाही. इथं मूळ आवाज पाठवतच नाहीत. 'असा गळा, असा कंप, असं तोंड' एवढं वर्णन पाठवतात आणि पलीकडचा फोन त्या वर्णनावरून आवाज नव्यानं घडवतो.

याची मुळं अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आहेत. होमर डडली यांनी १९३० च्या दशकात तिथं दाखवून दिलं की बोलणं दोन भागांत वेगळं करता येतं: स्वरयंत्रातला कंप, आणि त्याला आकार देणारी तोंडाची पोकळी. पुढे त्याच प्रयोगशाळेत, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कानपुरात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या बिष्णू अटल यांनी मानफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर ही कल्पना गणितात पक्की बसवली. जपानमध्ये इताकुरा आणि साइतो त्याच सुमारास त्याच वाटेवर होते. मागच्या काही मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तेवढाच फरक पाठवायचा. १९८५ मध्ये अटल आणि श्रोडर यांनी त्यात आणखी एक पायरी घातली, आणि आज जगातल्या बहुतेक मोबाईल बोलण्याच्या तळाशी त्या दोघांचं काम आहे. आपल्या माणसाचं हे काम आहे याचा मला अभिमान वाटतो. पुढे जी तक्रार करणार आहे ती त्यांच्याबद्दल नाही.

आता बारकाईनं पाहू. मोबाईल आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. सेकंदाला ५० तुकडे. जुन्या तारेच्या फोनमध्ये एवढ्या तुकड्याला १,२८० बिट मिळायचे. मोबाईलच्या पहिल्या जीएसएम पद्धतीत त्याला २६० बिट मिळाले. एवढ्याशा जागेत तोंडाच्या पोकळीचा आकार सांगायचा, कंपाचा वेग सांगायचा, आणि उरलेल्या जागेत अंदाज चुकल्याचा फरक कसाबसा बसवायचा.

सगळी किमया कंपाच्या अंदाजात आहे. निरोगी पुरुषाच्या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास उघडझाप करतात, आणि एक उघडझाप जवळपास आधीच्या उघडझापीसारखीच असते. म्हणून यंत्र प्रत्येक तुकड्याचे ५ मिलिसेकंदांचे चार भाग करतं आणि प्रत्येक भागासाठी मागे वळून बघतं: ५ ते १५ मिलिसेकंदांपूर्वी असंच काही येऊन गेलं का? निरोगी गळ्यात उत्तर असतं, हो, आलं होतं. मग 'तेच पुन्हा लाव, एवढा बदल कर' असं सांगून काम भागतं.

घोगऱ्या गळ्यात उत्तर असतं, नाही. वर्गात दिवसभर ओरडून स्वरपट्ट्यांवर गाठी आलेल्या मास्तरांचा गळा घ्या. पट्ट्या नीट मिटत नाहीत, फटीतून हवा सुटत राहते, आणि प्रत्येक उघडझाप आधीच्यापेक्षा थोडी वेगळी असते; कधी लांबीनं, कधी जोरानं. यंत्राचा अंदाज चुकतो आणि फरक मोठा निघतो. पण तो सांगायला जागा तेवढीच, २६० बिटांच्या आतली. मग फरक ठोकळ करून बसवावा लागतो. तो ठोकळपणा पलीकडे खरखर, गुळगुळ, पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. गळा आधीच खराब, आणि त्यावर यंत्राची स्वतःची खरखर.

मोबाईलच्या पुढच्या पद्धतीत, एएमआर तिचं नाव, आणखी एक वळण आहे, आणि आमच्यासारख्या गावांना तेच जास्त लागतं. या पद्धतीत बोलण्याचा वेग ठरलेला नसतो. रेंज चांगली असेल तर सेकंदाला १२.२ किलोबिट, आणि रेंज कमी होत गेली की पायरी पायरीनं ४.७५ किलोबिटपर्यंत खाली. उरलेली जागा वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करण्यासाठी राखतात. निरोगी आवाजासाठी हा सौदा फायद्याचा आहे. पण हिशेब बघा. वरच्या पायरीवर ५ मिलिसेकंदांच्या भागात कंपाच्या अंदाजापलीकडचं जे काही उरलं ते सांगायला १० टोले, म्हणजे आवाजाचे छोटे ठोके, मिळतात. खालच्या पायरीवर फक्त दोन. निरोगी गळ्याचं बहुतेक काम अंदाजातच झालेलं असतं, त्याला दोन टोले पुरतात. हवा सुटणाऱ्या, तालाबाहेरच्या गळ्याचं सगळंच त्या टोल्यांवर उभं असतं. काटेपूर्णा धरणाकडे, महानच्या पुढे जंगलाच्या कडेला रेंजची एक काडी दिसते. तिथून माझं बोलणं बरं पोचतं आणि घोगऱ्या गळ्याचं अजिबात पोचत नाही. एकच फोन, एकच जागा, दोन गळे. दम लावून ओरडल्यानं टोले दोनाचे तीन होत नाहीत.

आवाजाच्या शास्त्रात याची नीट मांडणी आहे. अमेरिकेतल्या इंगो टिट्झे यांनी १९९५ मध्ये आवाजांचे तीन प्रकार सांगितले: जवळपास नियमित तालाचे, ताल मधेच दुप्पट होणारे किंवा दोन ताल एकात मिसळलेले, आणि ज्यांना तालच सापडत नाही असे. पहिल्या प्रकारातच कंपाचं माप घेण्यात अर्थ आहे, तिसऱ्यात मापू नये, कानानं ऐकावं, असं त्यांचं म्हणणं. फोनचं यंत्र मात्र तिन्ही प्रकारांत दर ५ मिलिसेकंदांना ताल शोधतच राहतं. दुसऱ्या प्रकारात ते एका क्षणी खरा ताल पकडतं, पुढच्या क्षणी दुप्पट, आणि ऐकणाऱ्याला आवाज एकदम खाली घसरून वर आल्यासारखा वाटतो. तिसऱ्या प्रकारात नसलेला ताल लावून देतं.

साध्या कॉलवर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं कापलेलं असतं, म्हणजे बहुतेकांच्या कंपाचा मूळ सूर फोनवरून जात नाही. तरी आपल्याला बाईचा, पुरुषाचा, पोराचा आवाज लगेच ओळखू येतो. कारण त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सूर शिल्लक असतात आणि आपला मेंदू त्यांच्यावरून मूळ सूर ताडतो. घोगऱ्या आवाजात हे वरचे सूर हवेच्या सरसरीत बुडालेले असतात. मग मेंदूला ताडायला काही उरत नाही. खोलीत समोर बसल्यावर जो आवाज आपल्या माणसाचा म्हणून ओळखू येतो, तो फोनवर कोणाचाच वाटत नाही. पुतणी पुण्याला असते, ती एकदा मला म्हणाली, "काका, फोनवर बाबा बोलून रायले का मशीन, तेच समजत नाही." दादांचा कंप तर मुळात यंत्राचाच, तेव्हा तिला तसं वाटणं साहजिक आहे.

आणि यंत्राचं शोधणं इथंच थांबत नाही. बोलताना आपण निम्मा वेळ गप्प असतो, तेव्हा पाठवण्यासारखं काही नसतं. बॅटरी वाचवायला मोबाईल अशा वेळी प्रसारण थांबवतो, आणि पलीकडे पूर्ण शांतता झाली तर फोन कटल्यासारखं वाटेल म्हणून हलकी कृत्रिम सरसर वाजवतो. पण हे बोलणं की शांतता, हा निवाडा यंत्र करतं: जोर किती, ताल आहे का, त्यावरून. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक आणि एकसुरी होतो. वाक्याचा शेवट विरत जातो, आणि तो विरलेला शेवट यंत्राला मागच्या गोंगाटाचाच भाग वाटू शकतो. मग वाक्याचं शेपूट जातं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. 'औषध घेतलं' की 'औषध घेतलं नाही', हे सगळं त्या शेपटातच असतं.

त्याच्या जोडीला आजच्या फोनमधलं गोंगाट गाळणारं तंत्र. सतत एकाच सुरात चालणारा आवाज म्हणजे पंखा, इंजिन, मोटार. तो ओळख आणि कमी कर, असं त्याला शिकवलेलं असतं. इलेक्ट्रोलॅरिंक्सची घूं नेमकी तशीच आहे. फोनच्या दोन माइकांपैकी वरचा माइक मागचा गोंगाट ऐकायला असतो, आणि दादांचा कंप तोंडाइतकाच मानेतूनही बाहेर पडतो. म्हणजे त्यांचा आवाज गोंगाट ठरायची दोन कारणं त्याच्या अंगातच आहेत.

हे असं का झालं? वाईट हेतूनं नाही. दाबकामाची पद्धत बरी की वाईट हे माणसांना ऐकवून ठरवतात. ऐकणारे एक ते पाच गुण देतात. या चाचण्यांचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.८०० या शिफारशीत आहेत. तिची १९९६ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. वाक्यं म्हणणारी माणसं कशी असावीत हेही तिथं लिहिलं आहे: त्यांनी अस्खलित म्हणावं, नाटकीपणा करू नये, आणि त्यांच्या बोलण्यात तोतरेपणासारखा दोष नसावा. चाचणी स्वच्छ व्हावी म्हणून हा नियम केला, ते मला समजतं. मी स्वतः लाइनी तपासल्या आहेत, एका वेळी एकच गोष्ट तपासायची असते. पण याचा अर्थ असा की अशा चाचणीच्या दारातच दादांसारख्यांना, मास्तरांना, पार्किन्सन्सच्या माणसाला थांबवलेलं असतं. त्या चाचणीत फोन त्यांच्यावर तपासलाच जात नाही आणि तरी तो त्यांच्या हातात दिला जातो.

याहून एक गोष्ट मला जास्त लागली. बँकेच्या फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' म्हणतात, तेव्हा बटणाचे जे टूं आवाज होतात, ते बोलण्याच्या यंत्रातून नीट जाणार नाहीत हे अभियंत्यांनी फार आधी ओळखलं होतं. ते गळ्यातून आलेले आवाज नाहीत ना. म्हणून मोबाईलमध्ये बटणांसाठी वेगळी वाट केली: टूं न पाठवता 'अमुक बटण दाबलं' असा निरोपच जातो. गळ्याच्या साच्यात न बसणारा आवाज आला तर त्याच्यासाठी दुसरी सोय करावी लागते, हे ज्ञान होतं. बटणासाठी ते वापरलं. माणसासाठीही वापरता आलं असतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९९० च्या दशकात अवघ्या २.४ किलोबिटची एक पद्धत स्वीकारली. तिच्यात ताल आणि सरसर यांचं मिश्रण पाठवायची सोय आहे, आणि 'हा ताल डळमळीत आहे' हे सांगणारी खूणही आहे. एवढ्या अरुंद जागेत ते जमतं, तर रुंद जागेत का जमू नये?

महाराष्ट्रात या बाजूनं झालेलं एक काम आवर्जून सांगायचं आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोलॅरिंक्सचा आवाज साफ करण्यावर संशोधन केलं. २००२ मध्ये ते त्यांनी परिषदेत मांडलं. युक्ती मोठी सुंदर आहे. बोलणाऱ्याला आधी ओठ मिटून यंत्र चालू करायला सांगायचं. तोंड बंद, त्यामुळे शब्द नाहीत. ऐकू येते ती यंत्रातून थेट बाहेर सांडणारी घूं. तिचा नमुना यंत्राच्या तालाशी जुळवून घ्यायचा, आणि मग बोलण्यातून तेवढीच घूं वजा करायची. सर्वसाधारण फोन अशा सगळ्याच घूंला गोंगाट समजतो. इथं त्या एका माणसाच्या, त्या एका यंत्राच्या घूंची ओळख करून घेतली आहे. मला यात आदर दिसतो. गळा जसा आहे तसा मान्य करून सुरुवात केली आहे.

उलट बाजूचाही एक धोका आहे, तो डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवावा. हल्ली आवाज ऐकून आजार ओळखायचे प्रयत्न चालू आहेत. मॅक्स लिटल या इंग्रज गणितज्ञानं २०१२ मध्ये लोकांना साध्या फोनवरून लांब 'आऽऽ' म्हणायला सांगून पार्किन्सन्सचा माग काढायचा प्रकल्प सुरू केला, आणि जगभरातून हजारो लोकांनी फोन केले. हे काम मोलाचं आहे. पण कंपातला डळमळीतपणा मोजायचा तर यंत्रानं तो गुळगुळीत केलेला नसावा आणि स्वतःची खरखर त्यात मिसळलेली नसावी. स्पेनमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये बिघडलेले आवाज एमपी३ नं दाबून तपासले. ९६ किलोबिट आणि त्यावर मापं जवळपास टिकली, खाली ढळू लागली. मोबाईलचं बोलणं त्याच्या कितीतरी खाली चालतं. पद्धत वेगळी असली तरी सावध राहावं. वाचाउपचार तज्ज्ञाकडे आवाज पाठवायचा असेल तर तो कॉलवर ऐकवून भागत नाही.

आता घरात आम्ही काय केलं ते. पहिली गोष्ट, फोर-जीवरचा एचडी आवाज दोन्ही टोकांना चालू आहे का ते बघितलं. त्यात आवाजाचा पट्टा ५० पासून ७,००० हर्ट्झपर्यंत जातो आणि जागा दुपटीपर्यंत मिळू शकते. स आणि श यांची सरसर वरच्या पट्ट्यात असते. ती आली की दादांचे शब्द एकमेकांपासून सुटे होतात. फोर-जीची रेंज गेली की काही कंपन्यांचा कॉल जुन्या अरुंद पद्धतीवर उतरतो, म्हणून दादा महत्त्वाचं बोलणं घराच्या माडीवरूनच करतात. दुसरी गोष्ट व्हॉइस नोट. व्हॉट्सॲप त्यासाठी ओपस ही २०१२ मध्ये प्रमाण झालेली पद्धत वापरतं. ती बोलणं आणि संगीत दोन्हींसाठी बनवलेली आहे, त्यामुळे नियमित तालाचा तिचा हट्ट कमी. शिवाय चालू कॉलमध्ये तुकडा हरवला की यंत्र मागचाच ताल पुन्हा वाजवून भोक बुजवतं. व्हॉइस नोट सगळी पोचते आणि पुन्हा ऐकता येते. पुतणी आता रोज एक ऐकते आणि एक पाठवते. तिसरी गोष्ट तारेचा साधा इअरफोन. त्याचा एकच माइक ओठांजवळ येतो, मागचा गोंगाट मोजणारा वरचा माइक कामातून जातो. इलेक्ट्रोलॅरिंक्स डाव्या हातात मानेला, माइक उजव्या बाजूला. झूमवर बोलायचं असेल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करावं. ती सोय वादकांसाठी आहे, पण आमच्याही कामाची आहे. ज्या घरात अजून तांब्याच्या तारेचा फोन आहे त्यांनी तो ठेवावा.

बोलणाऱ्यानं मोठ्यानं बोलण्यापेक्षा सावकाश, छोट्या वाक्यांत बोलावं. ऐकणाऱ्यानं 'काय?' न म्हणता समजलेला भाग म्हणून दाखवावा: "खत किती, दोन पोते का तीन?" मग पलीकडून एक शब्द आला तरी पुरतो. आवाजावर चालणारे मदतफोन दादांना 'समजलं नाही' म्हणून परत पाठवतात. अशा प्रत्येक ठिकाणी बटणाची वाट शिल्लक ठेवणं कायद्यानं बंधनकारक करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या पद्धती वेगळ्याच आहेत. गूगलनं २०२१ मध्ये लायरा आणली, सेकंदाला जेमतेम ३ किलोबिटची. मेटानं २०२२ मध्ये एनकोडेक. त्यांच्यात गळ्याचं गणित कोणी हातानं लिहिलेलं नाही, हजारो तासांचं बोलणं ऐकून यंत्र स्वतः शिकलं आहे. ज्यांचं बोलणं ऐकलं त्यांच्यासारखा आवाज ते उत्तम घडवतं. न ऐकलेला गळा समोर आला तर ते त्याला ओळखीच्या, निरोगी गळ्याकडे ओढण्याची भीती आहे. ऐकायला गोड, आणि शब्द भलताच. जुनं यंत्र निदान खरखर करून सांगत तरी होतं की काही बिघडलंय. पण याच यंत्रांना शिकवता येतं, ही आशेची बाजू. गूगलच्या युफोनिया प्रकल्पानं २०१९ मध्ये आणि इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकल्पानं २०२२ मध्ये बिघडलेल्या बोलण्याचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. मराठी नमुने हवे असतील तर ते आपल्याकडूनच जावे लागतील: वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणांहून, कर्करोग रुग्णालयांतून, पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांतून, माणसांची संमती घेऊन. वऱ्हाडी बोलणारे गळे त्यात हवेत.

ज्या घरात स्वरयंत्राची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी त्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. नमुन्यावरून त्या माणसाच्या आवाजात बोलणारी यंत्रं आता होऊ लागली आहेत. शांत खोली, पंखा बंद, तोंडापासून वीतभर अंतरावर फोन. घरच्यांची नावं, गावाची नावं, रोजची वाक्यं, एखादी गोष्ट, हसणंसुद्धा. जमलं तर अर्धा-पाऊण तास. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये 'वेव्ह' हा प्रकार निवडावा, त्यात काही दाबलं जात नाही. फाईल पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घरात ठेवावी.